खळग्यात अडकलेला गोटा

नद्या अजून आपापल्या वाटा कोरत होत्या, त्या काळची ही गोष्ट. डोंगरावरचा एक थोराड गोटा पुराबरोबर समुद्र पाहायला निघाला. सोबतीला त्याचे भाऊबंद होतेच.

वाटेत दरी लागली आणि त्याचे भान हरपले. दोन्ही बाजूंना काळ्या कातळाच्या भिंती उभ्या होत्या, वर आभाळाची निळी चिंधी तेवढी दिसत होती. बघता बघता तो एका खळग्यात पडला. पाणी त्याला तिथेच गरगरा फिरवू लागले. भाऊबंद पुढे निघून गेले.

"सोड की बाई," तो नदीवर डाफरला. "मला काय घाण्याला जुंपलंयस?"

"ओरडून दमशील, बाळा," तळातून आवाज आला. तिथे ज्वारीच्या दाण्याएवढा एक खडा होता. "मी आलो तेव्हा तुझ्याएवढाच होतो. अन् हा खळगा होता परातीसारखा उथळ."

"आता तर रांजणाएवढा खोल आहे."

"मी झिजलो, तो खोल झाला. असे कितीतरी रांजण फुटून एकमेकांना मिळाले, तेव्हा ही दरी झाली."

गोट्याने पुन्हा वर पाहिले. भिंतींचा माथा नजरेत मावत नव्हता.

"एवढं सगळं आपल्यासारख्यांनी केलं?"

"पाण्याच्या साथीनं. चल, येतो मी," खडा म्हणाला. पुढच्या लोंढ्याने त्याला अलगद उचलले आणि काठावरून समुद्राच्या वाटेला लावले.

गोटा खड्याच्या जागी तळाशी सरकला. मग हळूच म्हणाला, "नदीबाई, जरा जोरानं फिरव."