चार नामी भोई

"तीन दिवसांत यंत्र फिरलं नाही, तर मल्हारी, तुझी भट्टी विझली म्हणून समज! बायकापोरांसह वेस ओलांडायची!"

हैबतराजाने हुकूम सोडला आणि मल्हारी लोहाराच्या पायाखालची जमीन सरकली.

त्याचं असं झालं. दर शिमग्याला हैबतराजा आणि त्याचा मेहुणा लुटुपुटूची लढाई खेळत. दोघांकडे एकेक गोळीयंत्र. लाकडी पेटीत एकमेकांत अडकलेली दातेरी चाकं. बाहेरचा दांडा फिरवला की नळीतून शाडूच्या गोळ्या सुटायच्या. गेल्या वर्षी मेहुण्याचं यंत्र वेगवान निघालं आणि भर मैदानात राजाची पगडी उडाली. त्याचंही एक वेळ काही नाही, पण राणी खुदकन हसली! ते हसू राजाला वर्षभर सलत होतं.

मग राजाने चहूकडे स्वार पिटाळले. जिथं जे नामी असेल ते आणा! बंदरावरून पोलादी चाक आलं. त्याचे दाते मक्याच्या दाण्याएवढे. दक्षिणेतून पितळी चाक आलं; त्याचे दाते राजगिऱ्याएवढे. चाकांचा आस ज्यांत फिरतो त्या कड्या पंचधातूच्या आल्या; इतक्या जाड, की पेटीच्या भोकात शिरेनात.

"महाराज, दात्यात दाता बसत नाही," मल्हारी हात जोडून म्हणाला. "मी सगळं एका मापाचं घडवून देतो."

"तुझ्या त्या मापानेच माझी शोभा झाली! हीच चाकं, हीच पेटी. आणि कानस लावलीस तर याद राख!"

झालं! राजहट्टापुढे कोण बोलणार?

घरी येऊन मल्हारी भिंतीला टेकून बसला. भाकरीला हात लावेना. त्याची लेक गोजरा लहानपणापासून त्याच भट्टीचा भाता ओढत आली होती. बापाचं ते तोंड पाहून तिला रडू फुटलं, आणि रडता रडता तिला भयंकर राग आला.

"आबा, उठा! तुम्ही तुमच्या मापाची चाकं आणि कड्या घडवायला घ्या. घडवू नका असं कुठं म्हणालेत महाराज? महाराजांचं मी बघते!"

दुसऱ्या दिवशी ती तडक दरबारात गेली.

"महाराज, परवा माळावर यंत्राची चाचणी. यंत्राला मुलखातली नामी चाकं, आणि महाराजांच्या पालखीला मात्र तेच रोजचे भोई? लोक काय म्हणतील!"

राजाने मिशीला पीळ दिला. "खरंच की! नामी भोई हवेत. तूच निवड!"

आता, भोई निवडायची एक रीत असते. आधी खांद्याला खांदा लावून उंची पाहायची, मग पावलाशी पाऊल जुळवायचं. राजाचे जुने चौघे असे जुळलेले, की पालखीत भरला पेला ठेवला तरी थेंब सांडू नये. गोजराने त्यांना सुट्टी देऊन टाकली!

चाचणीच्या सकाळी पालखीला नवे चौघे लागले. पुढे ताडमाड पहारेकरी आणि वाऱ्यासारखा पळणारा जासूद. मागे तालमीतला अगडबंब पहिलवान आणि पालखी वाहण्यात चाळीस वर्षं मुरलेला बुटका नागोजी.

पालखी उचलली आणि राजा घसरत नागोजीच्या कोपऱ्यात गेला! जासूद सुटला धावत. पहिलवान चालला डुलत. पहारेकऱ्याने एक टांग टाकली की नागोजीला तीन उड्या माराव्या लागायच्या. पालखी पुढे जायची सोडून गरागरा फिरू लागली.

"थांबा रे! मेलो!" राजा कसाबसा माळावर उतरला. कपाळाला टेंगूळ आलं होतं. "कोणी निवडली ही माकडं?"

"महाराज," गोजरा नम्रपणे म्हणाली, "ज्या रीतीने चाकं निवडली, त्याच रीतीने. हा राज्यात सगळ्यात उंच, हा सगळ्यात चपळ, हा सगळ्यात बळकट, आणि नागोजीबाबांएवढा अनुभव कोणाला आहे?"

"चुलीत घाल त्यांचा मोठेपणा! खांद्याला खांदा नाही, पावलाला पाऊल नाही! काढा सगळ्यांना! जुळणारे लावा, माझा हुकूम आहे!"

"ऐकलंत ना, आबा?" गोजरा यंत्राच्या पेटीजवळ उभ्या बापाकडे वळून ओरडली. "काढा सगळी! जुळणारी लावा! हुकूम झालाय!"

मल्हारीचे हात आधीच पेटीत गेले होते. राजा आ वासून पाहत राहिला. एका मापाची चाकं दात्यात दाता घालून बसली, कड्या भोकात चपखल शिरल्या. गोजराने दांडा फिरवला मात्र, तडतडतड! ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तशा गोळ्या सुटल्या. माळावरचं बुजगावणं पाहता पाहता आडवं झालं.

राजाने टेंगूळ चोळलं. यंत्राकडे पाहिलं, मग त्या चौघांकडे पाहिलं. ओठ आवळून धरले, पण मिशी थरथरायला लागलीच.

"बरं बाई, हरलो! आता माझे जुने भोई बोलाव, म्हणजे वाड्यावर जातो."

"ते जत्रेला गेले, महाराज. उद्या येतील."

"उद्या? मग मी जाऊ कसा?"

"त्यात काय एवढं? महाराजांचे दोन्ही पाय एका मापाचे आहेत की!"

राजा असा खो खो हसला, की माळावरची गुरंसुद्धा बुजली! हातातलं सोन्याचं कडं काढून त्याने गोजराला दिलं, मल्हारीला तिथल्या तिथे दरबारचा यंत्रकार नेमलं, आणि हसत हसतच पायी वाड्याकडे निघाला.