झाडाबाई, घेऊ का?

एकदा काय झालं, रानाच्या कडेला गोंदा नावाचा लाकूडतोड्या राहायचा. त्याची लेक हौसा. दिवसभर बापाबरोबर फांद्या तोडायची, मोळ्या बांधायची. पण जीव सगळा बाहुल्यांत. हाती लागेल त्या ढलपीतून बाहुली कोरायची. आणि कोरून काय, तर ठोकळा! फार वाईट वाटायचं तिला.

मग ती गेली जिवबा बाहुलेवाल्याकडे. त्याच्या बाहुल्या हसायच्या, रुसायच्या. जिवबा म्हणाला, "पोरी, हात चांगलाय तुझा. पण आत कोण दडलंय ते लाकूडच सांगतं. आधी झाडांची भाषा शीक, मग ये."

तुम्हाला पाढे म्हणायचा कंटाळा, आणि ती बघा! रोज उंबराच्या खोडाला कान लावून बसायची. उन्हाळ्यात तिला तहानेचे शब्द कळले. पावसाळ्यात हसण्याचे. मग पानगळीत निरोपाचे. वर्ष गेलं तेव्हा कुठे भाषा आली.

आता त्या गावची एक रीत होती, बरं का. झाड तोडायच्या आधी त्याला हळदकुंकू वाहायचं आणि तीनदा विचारायचं, "झाडाबाई, घेऊ का?" झाड गप्प राहिलं की घाव घालायचा. बापजाद्यांच्या वेळेपासून एकही झाड नाही म्हणालं नव्हतं.

हौसा बापाबरोबर निघाली ती नाचतच. आज खरी बाहुली होणार! गोंदाने एका जुन्या शिवणीच्या झाडाला हळदकुंकू वाहिलं. "झाडाबाई, घेऊ का?"

"नको," शिवण म्हणाली.

हौसाच्या अंगावर काटा आला. म्हणजे आजवर सगळीच झाडं नको म्हणत होती की काय?

"झाडाबाई, घेऊ का?"

"नको रे. आतून पोखरलेय मी. तुझ्याच अंगावर पडेन."

"आबा, ती नको म्हणतेय! तुमच्यावर पडेल म्हणते!"

"गप गं. मला नाही काही ऐकू आलं." गोंदाने तिसऱ्यांदा विचारलं. शिवण ओरडली. हौसाने बापाचा हात धरला. त्याने तिला बाजूला ढकललं. "बापापेक्षा शहाणी झालीस?"

मग त्याने घाव घातला. शिवण कडाडली आणि गोंदा खाली सापडला. मेला बिचारा.

हौसा रडली, रडली. डोळे कोरडे झाले तेव्हा तिने आडव्या पडलेल्या शिवणीला विचारलं, "आता घेऊ का?"

"आता घे," शिवण म्हणाली.

मग ती कोरायला बसली. आत कोण दडलं होतं, सांगा बरं? तिचा आबा. मान कलती करून, कानामागे हात धरून ऐकत असलेला.

जिवबाने तो बाहुला पाहिला आणि आपल्या शेजारी तिला बसायला पाट दिला. तेव्हापासून गावात कुऱ्हाड उचलायच्या आधी हौसाला बोलावतात. ती नको म्हणाली की माणसं मुकाट्याने घरी जातात. तशी सुखात आहे ती. आबाचा बाहुला मात्र विकत नाही.

चला, डोळे मिटा. खाट कुरकुरतेय? शिवणीचीच आहे ती. वळवळू नका, तिलाही झोपू द्या.