भोगीचं वांगं

एकदा एका लहान शहरातल्या चार मजली सोसायटीत लिफ्ट बंद पडली आणि माणसं पेटली! सेक्रेटरी शालन चौथ्या मजल्यावर राहायची. सासऱ्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागे. नवरा आणि दीर त्यांना खुर्चीत बसवून चार मजले उतरवीत, पुन्हा चढवीत. म्हाताऱ्याचा जीव प्रत्येक वळणावर घाबरा होई.

सभेत तळमजल्याचे शेठ कडाडले, "माझ्या दाराला एक पायरी नाही. लिफ्टची वर्गणी मी कशाला देऊ? उद्या म्हणाल विमानाचंही तिकीट काढा!"

शालनचं डोकं फिरलं. तिने शिक्का मारून नोटीसच लावली: 'जो जे वापरील, त्यानेच त्याचे भरावे.' झालं! गाडी नसलेल्यांनी पार्किंगच्या दिव्याला नकार दिला, नातवंडं नसलेल्यांनी झोपाळ्याला. मधल्या मजल्यांनी 'आम्ही जिन्यानेच जाऊ' म्हटलं आणि लिफ्टचा सगळा भार चौथ्या मजल्यावरच्या दोन घरांवर आला. तो कुणाला झेपणार?

शालन रडत गंगूमावशींकडे गेली. मावशींनी चाळीस वर्षं खाणावळ चालवलेली. शालनला स्वयंपाक त्यांनीच शिकवला होता. त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या भोगी. घरटी एक जिन्नस आणायला सांग."

दुसऱ्या दिवशी दुपारी पार्किंगमध्ये मोठ्या पातेल्यात भोगीची भाजी रटरटली. काय तो घमघमाट! पानं मांडली. मावशींनी शेठच्या पानात पळीने वेचून वेचून वांगीच वाढली.

"मावशी, गाजर? पावटा?"

"ते तुम्ही कुठं आणलं? तुमची वांगी. आणि वांग्याला तीळ चिकटलेत ते तिसऱ्या मजल्याचे. धुऊन देऊ का?"

"निदान भाकरी तरी!"

"पहिल्या मजल्याची आहे."

हास्याचा स्फोट झाला. पण शालनच्या पानातही तिने आणलेले पावटेच, मोजून सहा पडले, तेव्हा तिचं हसू विरलं.

मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "शेठ, तुमच्या वांग्यात गाजराची गोडी उतरलीय. ती मी कशी काढून घेऊ? उद्या घर विकाल, तेव्हा लिफ्टच्या इमारतीचाच भाव सांगाल ना? एकत्र शिजलेल्याचे वाटे पडत नाहीत." मग शालनकडे वळल्या. "आणि तू गं? शेठ नुसते तोंडाने बोलले. तू रागाच्या भरात शिक्का मारलास. खुर्चीवर बसलेल्याने रागावायचं नसतं."

शालनने नोटीस फाडली. पातेलं ढवळून पहिली पळी, सगळ्या भाज्यांसकट, तिने शेठच्या पानात वाढली.

शेठ खाली मान घालून म्हणाले, "शालनताई, लिफ्टवाल्याला उद्याच बोलवा. माझा हिस्सा आधी धरा."

ती "बरं" म्हणाली आणि सासऱ्यांचं पान वाढून घेऊन जिना चढू लागली.

वर्गणीला नाही म्हणण्याआधी माणसाने आपल्या पानात डोकावून पाहावं. तिथलं किती त्याचं एकट्याचं आहे?