कासारणीने धरलेला हात

खूप जुनी गोष्ट. तुमच्याआमच्या पणजीच्याही आधीची. एक कासारीण बांगड्यांची दुरडी डोक्यावर घेऊन लेकीच्या बाळंतपणाला निघाली होती. लेकीचं गाव दलदलीपलीकडे. दलदल अशी, की वर हिरवंगार गवत आणि खाली माणूस गिळणारा चिखल. वाट चुकलेला परत येत नसे.

काठावर दोन पुरुष उभे होते. एकाचं कपाळ रुंद, नाक सरळ, डोळे शांत. दुसऱ्याच्या भुवया जुळलेल्या, नाक मोडकं, गालावर उभा व्रण. हा दुसरा दोन पावलं पुढे आला, तशी बाईने दुरडी उतरवून छातीशी धरली. तो मागे सरला.

"दादा, पलीकडेच निघालात ना? तुमच्या मागून येते," ती देखण्याला म्हणाली. तो नुसता हसला आणि चालू लागला. आपण तरी वेगळं काय करतो हो? तोंडावळा बघायचा आणि जीव सोपवून मोकळं व्हायचं!

अर्ध्यात धुकं उतरलं. पायाखालची जमीन हलू लागली. कुठेतरी चिखल बुडबुडला. मागे वळावं, तर आपलीच पावलं दिसेनात. घाबरून तिने देखण्याचा हात धरला.

उभा जन्म तिने लोकांचे हात हातात घेतले होते. बांगडी चढताना कुठली पोर भ्यालीये, ते तिला मनगटावरून कळे. हा हात गार पडला होता. लटपटत होता.

"दादा, वाट ठाऊक आहे ना?"

"नाही हो मावशी, पहिल्यांदाच आलोय. तुम्ही इतक्या भरवशाने निघालात, की नाही म्हणवेना."

तिने दुरडी पुढे टाकून पाहिली. गवत दुभंगलं, दुरडी गडप झाली. पुढचं पाऊल तिथेच पडणार होतं!

ती जिवाच्या आकांताने ओरडली. धुक्यातून एक हात आला. खरबरीत, उबदार, जराही न हलणारा.

"माझ्या पावलावर पाऊल टाका, आई. दादा, तुम्हीही या."

पलीकडे पोचल्यावर तिने वर पाहिलं. तोच, व्रणवाला!

"वाट ठाऊक होती, तर आधीच का नाही बोललास, बाबा?"

"तेच सांगायला पुढे आलो होतो. तुम्ही दुरडी छातीशी धरलीत. म्हटलं, हाकेच्या अंतरावर राहू."

लेकीच्या हिरव्या बांगड्या चिखलात गेल्या, पण नातवाला आजी मिळाली.

तात्पर्य : चेहऱ्यावर वाट लिहिलेली नसते, आधी विचारावं, मगच मागे जावं.