रिकाम्या हातांचा तट

एका राज्यात सूर्य मावळायची लोकांना भीती वाटे. राजाच्या पणजोबाने एका भुकेल्या मांत्रिकाला, "तुझ्याजोगं काम नाही," म्हणून वेशीवरून हाकलले होते. मांत्रिक जाताना शाप देऊन गेला, "मावळतीला ज्या जाणत्या माणसापाशी काम नसेल, तो दगड होईल."

तेव्हापासून रोज सकाळी वेशीवर रांग लागे. मुकादम बोटाने माणसे निवडी. निवडलेले जगत, उरलेले संध्याकाळी जागच्या जागी थिजत. राजा चंडसेनाला त्याचे दुःख नव्हते. त्याला तट बांधायचा होता आणि दगड आयते मिळत होते.

ते दगड घडवून चिरे करायचे काम चार वर्षे गिरजा पाथरवटिणीकडे होते. काम कायमचे होते, म्हणून ती जगली होती. दगडाच्या तोंडाकडे न पाहता ती छिन्नी चालवी.

एके सकाळी गाड्यावरून उतरवलेल्या दगडाच्या मनगटाला तांबडा दोरा होता. तो तिनेच बांधलेला. रात्रभर घरी न आलेला तिचा धाकटा भाऊ, सोनबा.

गिरजेने छिन्नी खाली ठेवली. एक भारद्वाज दगडावर येऊन बसला आणि माणसाच्या वाणीने बोलला, "काम सोडलंस. मावळतीला तूही दगड होशील."

"ठाऊक आहे. ह्याला सोडवायचा मार्ग सांग."

"ज्या मावळतीला राज्यात एकही हात रिकामा नसेल, तेव्हा शाप सरेल. पण काम गरजेचं हवं, आणि दुसऱ्याच्या हातून हिसकावलेलं नको."

गिरजा वेशीवर गेली. न निवडलेली तीनशे माणसे मान खाली घालून बसली होती.

"उत्तरेचा तलाव फुटून सात वर्षं झाली," ती म्हणाली. "बांध घालायला चला."

"मजुरी कोण देणार?"

"पाणी साठलं की शेतं पिकतील. तीच मजुरी."

त्यांना दुसरीकडे जायला जागा नव्हती. ते निघाले. गिरजेने छिन्नी ठेवल्याने रचायला चिरे उरले नाहीत, तसे दुपारी तटावरचे मजूरही येऊन मिळाले. भारद्वाज राज्यावरून घिरटी घालून आला. "रिकाम्या हातांचे तिघेच उरले," तो म्हणाला.

पहिला दोर वळणारा आंधळा म्हातारा. दोरासाठी लागणारा त्याचा वाख संपला होता.

"मला दिसत नाही, पोरी."

"टोपल्या एका लयीत चालायला हव्यात, बाबा. तुम्ही हाळी द्या."

दुसरा मुकादम. निवडायला माणसेच उरली नव्हती. तो बांधाच्या कडेला पांढराफटक उभा होता. "होऊ दे दगड!" बायका ओरडल्या. गिरजेलाही क्षणभर तेच हवेसे वाटले. सोनबाला ह्याच बोटाने वगळले होते. मग तिने आपली टोपली त्याच्या हाती दिली.

"धरा," ती म्हणाली. आणि स्वतः दुसरी टोपली उचलली.

तिसरा पालखीतून आला. "कुणाच्या हुकमाने तट सोडला?" राजाने विचारले. भोयांनी पालखी खाली ठेवली आणि तेही रांगेत जाऊन उभे राहिले. सूर्य डोंगराला टेकला तशी राजाची पावले करडी पडली.

"मी राजा आहे! राज्य करणं हे माझं काम!"

"ते तुम्ही कधी केलंत? आजवर नुसता तट बांधवलात, तोही आज थांबला," भारद्वाज म्हणाला.

दगड गुडघ्यापर्यंत चढला.

"महाराज, रांग तुमच्यापर्यंत आणते," गिरजा म्हणाली. "आलेली टोपली पुढे द्या."

राजाने हात पुढे केले. टोपली घेतली, पुढे दिली. दुसरी घेतली. सूर्य बुडाला. त्या संध्याकाळी कुणीही थिजले नाही.

तटापाशी रचलेल्या ढिगातून माणसे खोकत, धूळ झटकत उठली. त्यांत सोनबा होता. पण छिन्नी लागलेले चिरे उठले नाहीत. चार वर्षांचे चिरे तटातच राहिले.

राजाचे पाय गुडघ्यापर्यंत दगडाचेच राहिले. रोज सकाळी त्याला उचलून वेशीवर आणत, आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाला काम सांगितल्यावाचून तो परत जात नसे. शाप असा संपला आणि राज्याची घडी बसली.

त्या पहिल्या संध्याकाळी मात्र गिरजा तटाशी उभी होती. एकेका चिऱ्यावरून हात फिरवत होती.

"ताई, घरी चल," सोनबा म्हणाला.

"तू हो पुढे," ती म्हणाली. "माझी इथे बरीच माणसं आहेत."