बुजवलेला चर

त्या मुलखात तेल निघे ते रानडुकराच्या घाण्यावर, आणि घाणा ओढत बैल. मजुरी म्हणजे पेंड, आणि पेंड उद्या मिळे. हा उद्या सात वर्षं चालला होता. तोवर बैल वाळलं गवत चघळत.

जांभळ्या नावाच्या बैलाला आता त्याचंही काही वाटेनासं झालं होतं. पण त्याचा जोडीदार हौश्या बसला तो उठेना. दात झिजलेले, गवत चावेना. भिजवलेली पेंड मिळाली तरच जगायचा. म्हणून जांभळ्या मजुरीचे तंटे सोडवणाऱ्या साळिंदराच्या कचेरीत गेला.

साळिंदर कामाला चोख. पाठीवरचा एक काटा उपटून त्याने तक्रार लिहून घेतली. रानडुकराला बोलावलं, तर ते म्हणालं, हा बैल मी कधी पाहिलेलाच नाही. जांभळ्याजवळ कागद कुठला असायला? तो एवढंच म्हणाला, की घाण्याभोवती माझ्या पायांनी चर पडलाय, तो येऊन बघा. साळिंदराने सांगितलं, आठव्या दिवशी येतो. काट्याने चर मोजीन; जेवढा खोल, तेवढी पेंड.

सातव्या दिवशी रानडुकराने गोड आवाजात हाक मारली. पाहुणे यायचेत, हा खड्डा वाईट दिसतो, तेवढा बुजव आणि संध्याकाळी सगळी पेंड घेऊन जा. आणि या शहाण्याने बुजवला, बरं का! माती आणली, फळी ओढली, जमीन सारखी केली. सांगितलेलं काम करायचं, एवढंच त्याला ठाऊक. संध्याकाळी कोठाराला कुलूप होतं. हौश्याने त्या दिवशी मानही उचलली नाही.

आठव्या दिवशी साळिंदर आलं. जमीन सपाट. रानडुकराने हसून विचारलं, कुठाय चर? जांभळ्याला रागही आला नाही, रडूही आलं नाही.

"मग कसा फिरायचास ते दाखव," साळिंदर म्हणालं.

"डोळ्यांवर झापड बांधा," जांभळ्या म्हणाला. "उघड्या डोळ्यांनी मला जमत नाही."

झापड बांधली आणि पाय आपोआप चालू लागले. खूर पडेल तिथे कालची माती खाली बसत गेली. कडेची जुनी जमीन जागची हलली नाही. विसाव्या फेरीला तो गुडघ्याइतका आत होता, आणि एकदाही कडेला घासला नव्हता.

साळिंदराने त्याला थांब म्हटलं. तो थांबला नाही. तेव्हा साळिंदराने पाठीवरचा सगळ्यात लांब काटा उपटला आणि त्याच्या मागे चरात उभा धरला. काटा चराच्या काठापर्यंत पोचला नाही.