दुखणं लेकीचं, लेप बापाला

“मग आता आणखी काय देऊ तिला, स्वामी?”

शंभुलिंगने पिशवीतून नववी बरणी काढली आणि आधीच्या आठ बरण्यांशेजारी ठेवली. मठाच्या ओसरीवर त्याने जणू दुकानच मांडलं होतं.

स्वामी खलात सुंठ कुटत होते. त्यांनी बरण्यांकडे पाहिलं नाही. खांबाला टेकून बसलेल्या पोरीकडे पाहिलं.

सात वर्षांची नीलांबिका. माघाचं ऊन चांगलं तापलं होतं, आणि पोरीच्या डोक्याला कानटोपी, गळ्याभोवती मफलर, अंगात दोन स्वेटर. त्यातून उरलं ते एवढंसं तोंड. तेही पांढरंफटक.

“आत्ता काय काय देतोस?” स्वामींनी विचारलं.

शंभुलिंगला एवढंच हवं होतं. त्याने पाढा म्हणायला सुरुवात केली. सकाळी अनशापोटी तुळस-आल्याचा काढा. मग च्यवनप्राश, तोही घरी केलेला. मग भिजवलेले बदाम, तुपातला शिरा. दुपारी मधातून गुळवेल सत्त्व. संध्याकाळी हळदीचं दूध, निजताना अश्वगंधा...

“आणि तरी दर पंधरवड्याला ताप,” तो म्हणाला. “सर्दी तर पाचवीलाच पुजलेली. शेजारच्या घरात कुणी शिंकलं की हिचा घसा बसतो. अंगात जोर म्हणून धरत नाही. स्वामी, माझ्याच च्यवनप्राशाने शेकडो पोरं सुधारलीत. ही का नाही सुधारत?”

खलबत्त्याचा आवाज तेवढा चालू राहिला.

हिरण्यकेशीकाठच्या याच मठात शंभुलिंग सात वर्षं वैद्यकी शिकला होता. हुशार किती, विचारू नका! एकदा ऐकलं की कोरलं गेलं. पण आठव्या वर्षी स्वामी म्हणाले, अजून दोन वर्षं थांब. आणि स्वारी रुसली. शहरात जाऊन दवाखाना थाटला. नाव झालं, दारात रांग लागली. दहा वर्षांत तो मठाची पायरी चढला नव्हता. आज नाक मुठीत धरून आला होता खरा, पण मान अजून ताठच होती.

“रात्री झोपते नीट?” स्वामींनी विचारलं.

“नऊला झोपवतो.”

“मी ‘झोपते का’ असं विचारलं.”

“मधे... दोन-तीनदा उठवतो मी. ताप आहे का बघायला.”

“उन्हात खेळते?”

“ऊन बाधतं तिला.”

“मातीत?”

शंभुलिंगने नुसती मान हलवली. मातीचं नावसुद्धा त्याला सोसलं नाही.

स्वामींनी बत्ता खाली ठेवला. “दवाखान्यात माणूस आलं की पहिलं काय विचारतोस?”

हा काय प्रश्न झाला! मठातला पहिल्या दिवसाचा धडा तो. कुठं दुखतं ते नंतर. आधी विचारायचं, भूक लागते का? दिवसाला चाळीस माणसांना तो हेच विचारत होता.

“भूक विचारतो,” तो जरा घुश्शातच म्हणाला.

“हिला कधी विचारलीस?”

“तिच्या खाण्याच्या वेळा ठरलेल्या आहेत, स्वामी. दर दोन तासांनी...”

“वेळ नाही विचारली मी. ‘आप्पा, भूक लागली,’ असं ही शेवटचं कधी म्हणाली?”

शंभुलिंग आठवू लागला.

आठवेना. महिनाभर मागे गेला, वर्षभर मागे गेला. पोरीच्या तोंडून तो शब्द आल्याचं काही केल्या आठवेना. चाळीस परक्यांची भूक विचारणारा वैद्य, आणि घरच्या लेकराचं पोट त्याने एकदाही विचारलं नव्हतं. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“इकडे ये,” स्वामी म्हणाले.

त्याने नीलाला पुढे केलं.

“ती नव्हे. तू. उजवा हात दे.”

नाडी बघणार असं शंभुलिंगला वाटलं. स्वामींनी नाडी बघितली नाही. आतून त्यांनी वारुळाची भिजवलेली माती आणली आणि त्याच्या हाताला थापायला सुरुवात केली. बोटं, तळवा, मागची बाजू, पार मनगटापर्यंत. वरून केळीचं पान गुंडाळलं, त्यावर फडकं घट्ट बांधलं.

“हे काय, स्वामी?”

“लेप. उद्या मी सांगेन तेव्हा सोडायचा.”

“पण दुखणं तिचं आहे!”

“हात तुझा आहे.”

नीला खुदकन हसली. बापाचा हात असा गाठोड्यासारखा तिने कधी पाहिला नव्हता.

“बरण्या माझ्यापाशी राहतील,” स्वामी पुढे म्हणाले. “पाणी हवं तेव्हा पिऊ दे. उद्या सकाळपासून बाकी काही तिला द्यायचं नाही. ती आपल्या तोंडाने मागेल, तेव्हाच.”

“आणि नाही मागितलं तर?”

“तर नाही.”

“सर्दी झाली तर?”

“तर सर्दी होईल.”

शंभुलिंगचा आवाज चिरकला. “स्वामी, हिची आई चार दिवसांत गेली. साधा ताप म्हणत म्हणत गेली. मी होतो ना घरात... मी, वैद्य!”

स्वामींनी डोळे मिटले.

“ठाऊक आहे, बाळा,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीलाला कुणी उठवलं नाही. ऊन अंगणात आलं तेव्हा ती आपण होऊन उठली. डोळे चोळत बापाकडे आली आणि सवयीने तोंडाचा आ वासून उभी राहिली.

“नाही, बाळ. आज काढा नाही.”

“मग च्यवनप्राश?”

“तेही नाही.”

पोरगी बावचळली. मग तिने हळूच बापाकडे बघत कानटोपी काढली. कुणी ओरडलं नाही. मफलर काढला. तरीही कुणी ओरडलं नाही... मग एक स्वेटर, आणि थोड्या वेळाने दुसरा.

स्वामी मागच्या वाफ्यांना पाणी घालायला निघाले. ती मागोमाग गेली. थोड्या वेळाने बघावं तर तांब्या तिच्या हातात, आणि पाय घोट्यापर्यंत चिखलात.

शंभुलिंग पायरीवर बसून होता. बसून कसला, निखाऱ्यावर होता म्हणा.

ती एकदा शिंकली. त्याचा उजवा हात आपोआप उठला. लेप लावलेला, जड हात. तो त्याने पुन्हा मांडीवर ठेवला.

ती दुसऱ्यांदा शिंकली. तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं, डावा हात तर मोकळाच आहे! त्याला कुणी बांधलेलं नाही. तो उठून वाफ्यापाशी गेला, आणि डावा हात तिच्या कपाळाकडे नेला.

नीलाने मान वर केली. मघापर्यंत हसणारं तोंड एकदम उतरलं. “आप्पा,” तिने घाबरून विचारलं, “मला ताप आलाय?”

शंभुलिंगचा हात हवेतच राहिला. मग तो खाली आला.

“नाही गं,” तो म्हणाला. “पाणी घाल तू.”

परत येऊन तो पायरीवर बसला. इतकी वर्षं ती आपल्या हाताला भीत होती, तापाला नाही. आणि आपल्याला वाटे, पोर मुळात अशक्तच आहे म्हणून आपण जवळ गेलो की आक्रसते.

दुपारी मठात पंगत बसली. मठाचा स्वयंपाक बघणाऱ्या गंगव्वाने नीलापुढे पान मांडलं नाही. स्वामींचा शब्द म्हणजे शब्द. पण वाढताना म्हातारीचं लक्ष सारखं अंगणाकडे जात होतं. पोरगी तिकडे गाईच्या वासराशी खेळण्यात दंग. तिने पंगतीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

“बघितलंत, स्वामी? तिला जेवणच नको असतं,” शंभुलिंग म्हणाला. डाव्या हाताने उचललेला घास त्याने पानात परत ठेवला. “मी भरवतो म्हणून दोन घास पोटात जातात. नाहीतर...”

स्वामी जेवत राहिले.

ऊन कलायला लागलं. वासरू पुढे आणि नीला मागे, अंगणाला फेऱ्यावर फेऱ्या. परकर चिखलाने माखला, केसांतून घाम निथळायला लागला. शंभुलिंग मनात वेळ मोजत होता. आता उठावं, बरण्या घ्याव्यात, पोरीला उचलावं आणि मिळेल त्या एसटीने घर गाठावं, असं त्याने तीनदा ठरवलं. तीनदा तो बसून राहिला.

मग ती आली. धापा टाकत, दोन्ही हात पोटावर दाबून.

“आप्पा, मला काहीतरी होतंय.”

तो ताडकन उठला. “दुखतंय?”

“नाही.”

“मळमळतंय? इथं दाबलं की कळ येते? गरगरतं का?”

“नाही हो.” ती रडवेली झाली. “आत कुणीतरी ओढतंय... पोकळ पोकळ. असं कधीच नाही झालं. मी मरणार नाही ना, आप्पा?”

शंभुलिंग लक्षणं जुळवू लागला. ओढल्यासारखं, पोकळ... कुठल्या रोगात हे लक्षण सांगितलंय? सात वर्षांचं पाठांतर त्याने भराभर उलगडलं. एकही नाव सापडेना.

दारात उभी असलेली गंगव्वा पदराने डोळे पुसायला लागली.

“अवो वैद्यबुवा,” ती म्हणाली, “लेकराला भूक लागलीय!”



नीलाने गंगव्वाकडे पाहिलं, मग बापाकडे. “हीच भूक?”

शंभुलिंगला हुंदका आवरला नाही. एवढा नावाजलेला वैद्य, सगळ्यांसमोर ओक्साबोक्शी रडला.

चुलीवरची गरम भाकरी आणि हुलग्याचं माडगं. नीलाने अख्खी भाकरी खाल्ली, वर माडगं वाटी वाकडी करून प्याली. तिला कुणी भरवलं नाही. नाकातून पाणी गळत होतं, ते तिने मनगटाने पुसलं आणि पुन्हा मागितलं.

खाऊन झाल्यावर ती ओसरीवर कलंडली ती तिथेच झोपली. चिखलाचे पाय, तोंडाला माडगं, केस विस्कटलेले. कपाळावर घामाचे थेंब होते. घामाचे की तापाचे... शंभुलिंग बघत बसला.

स्वामी शेजारी येऊन बसले.

“ताप येईल का हो हिला?”

“येईल कधीतरी.”

“मग मी काय करू?”

स्वामींनी उलट विचारलं, “तू कधीचा झोपला नाहीस?”

उत्तर इतक्या हळू आलं, की स्वामींना वाकावं लागलं.

“हिची आई गेली ती अशीच दुपार होती. ताप उतरलाय असं वाटलं मला. उशाशी बसल्या बसल्या डोळा लागला... अर्धा तास. फार तर अर्धा तास, स्वामी. जागा झालो तर हात गार.”

हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

“तेव्हापासून मी जागाच आहे,” तो म्हणाला. “मी डोळा मिटला की... म्हणून नाही मिटत.”

अंगणात वासरू हंबरलं. नीलाने झोपेत कूस बदलली आणि तिचा चिखलाचा पाय बापाच्या मांडीवर आला.

स्वामी उठले. आतून घोंगडं आणलं आणि पोरीच्या बाजूला अंथरलं.

“सोड तो लेप आता. पड इथं.”

“दिवसा?” शंभुलिंग दचकला. दिवसाची झोप म्हणजे रोगाला आवतण. मठात दुपारी पाठ टेकायची नाही, हा नियम खुद्द स्वामींचा. साठ वर्षांत त्यांना कुणी दिवसा आडवं झालेलं पाहिलं नव्हतं. “आणि हिच्याकडे कोण बघेल? तुम्ही बसाल ना जागे?”

स्वामींनी खांद्यावरची छाटी काढली, तिची घडी केली आणि घोंगड्यावर उशाला ठेवली.

“जरा सरकून नीज,” ते म्हणाले. “मलाही आडवं व्हायचंय.”